पब्लिक, प्रायव्हेट, हायब्रिड: हे पर्याय आले कुठून?

वागळे इस्टेट, रबाळे, महापे या ठाणे-नवी मुंबईतल्या औद्योगिक भागांतल्या लहान-मध्यम कंपन्यांत सध्या हाच विषय चाललेला असतो, ईआरपी, म्हणजे हिशेब-स्टोअर-उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, क्लाउडवर (नेटवरून हवे तेवढे वापरता येणाऱ्या सर्व्हरवर) टाकायचंय पण पब्लिक घेऊ, प्रायव्हेट घेऊ की हायब्रिड करू, मग व्हेंडर तीन कोटेशनं आणून देतो आणि रेट बघून निर्णय होतो. मला हे अजिबात पटत नाही. हे पर्याय कोणी एकत्र बसून बनवलेले नाहीत, प्रत्येक पर्याय वेगळ्या अडचणीतून आलाय, आणि ती अडचण आपली आहे का हे आधी बघायला हवं.

मुळात कॉम्प्युटर भाड्याने वापरायची कल्पना जुनीच आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी 1961 मध्येच म्हणाले होते की पुढेमागे कॉम्प्युटिंगसुद्धा टेलिफोनसारखं सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल. तेव्हा मशीनच एवढं महाग की वाटून वापरण्यावाचून इलाज नव्हता, आयबीएमने 1972 मध्ये व्हीएम/370 ही सिस्टीम आणली, तिच्यात एकाच मोठ्या मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले स्वतंत्र कॉम्प्युटर, चालायचे. मग पीसी आणि छोटे सर्व्हर स्वस्त झाले नि जो तो आपापला डबा घेऊन बसला.

आपल्याकडची ती सर्व्हर रूम ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. जिन्याखालची खोली, एक एसी, खाली यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि संध्याकाळी बॅकअपची टेप बॅगेत टाकून घरी नेणारा अकाउंट्सवाला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, ठाणे-कल्याण पट्टाही पाण्यात गेला, आणि सर्व्हर तळमजल्यावर ठेवण्यात काय धोका आहे हे तेव्हा दिसलं.

पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, ॲमेझॉनने एस3 (डेटा साठवायला) आणि ईसी2 (सर्व्हर वापरायला) सुरू केलं, सर्व्हर तेव्हा तासाला 10 सेंट भाड्याने, क्रेडिट कार्ड असलं की झालं. हा पब्लिक क्लाउड, आणि तो सोडवत होता भांडवलाची अडचण: आधी लाखो रुपये ओतायचे आणि मग मशीन वर्षभर अर्धं रिकामं. पण बँका, मोठ्या कंपन्या म्हणाल्या सोय हवी पण डेटा बाहेर नको. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी 1998 पासून होतीच, 2010 मध्ये नासा आणि होस्टिंग कंपनी रॅकस्पेस यांनी क्लाउड उभारायचं ओपनस्टॅक हे मुक्त सॉफ्टवेअर आणलं, म्हणजे आपल्याच डेटा सेंटरमध्ये क्लाउड उभा करायचा, तो प्रायव्हेट. सप्टेंबर 2011 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने क्लाउडची व्याख्या छापली त्यात पब्लिक, प्रायव्हेट, कम्युनिटी आणि हायब्रिड (यातले दोन किंवा जास्त जोडून वापरणं) असे चार प्रकार आले. कम्युनिटीचं नाव कोटेशनमध्ये कधी दिसत नाही, पण सारखेच नियम पाळायला लागणाऱ्या संस्थांनी मिळून वापरायला तो फार उपयोगाचा आहे.

भारतात खरा फरक जागेने पडला. आधी ॲमेझॉनचं जवळचं केंद्र सिंगापूर, मग 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई, चेन्नईत सेंटर्स सुरू केली, 2016 मध्ये ॲमेझॉन मुंबईत आलं. 6 एप्रिल 2018 ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा, त्यामुळे पेमेंटवाल्यांना सर्व्हर कुठल्या देशात हे आधी विचारणं भाग पडलं. समुद्राखालच्या केबल मुंबईला येतात, नवी मुंबईतल्या टीटीसी या औद्योगिक पट्ट्यात जुन्या कारखान्यांची जागा आणि वीज होती, म्हणून ऐरोली-महाप्यात डेटा सेंटर्स वाढली, 2020 मध्ये पनवेललाही एक प्रचंड मोठं सुरू झालं. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची बत्ती गुल झाली, तेव्हा ऑफिसातला यूपीएस किती वेळ टिकतो आणि डेटा सेंटरचा जनरेटर किती हा फरक डोळ्यासमोर आला.

उलटा प्रवासही झालाय. नेटवर फायली साठवायची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने बराचसा डेटा ॲमेझॉनवरून स्वतःच्या मशीनवर आणला, कारण लोड मोठा आणि कायमचा असेल तर भाडं महागात जातं. माझ्या मते आपल्याकडच्या कारखान्याने ॲपनिहाय विचार करावा. मेल, हजेरी, सेल्सचं ॲप बिनधास्त पब्लिकवर, पण शॉपफ्लोअरवरच्या मशीनशी बोलणारं सॉफ्टवेअर आवारातच ठेवावं, रस्ता खोदताना जेसीबीने फायबर तोडली तरी शिफ्ट चालू राहायला हवी.