पार्श्वभूमी : मे महिन्यातली यादी

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत मधल्या फळीत खेळणाऱ्या एखाद्याची कारकीर्द कागदावर बघितली, तर एसटीच्या थांब्यांची यादी वाचतोय असं वाटतं. चौदा-पंधरा वर्षांत आठ-नऊ क्लब, अधूनमधून कुठेतरी दोन महिने ‘लोनवर’ म्हणजे उसना, आणि क्लब बदलल्याच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द : ‘फ्री’, म्हणजे नव्या क्लबने जुन्याला काहीही न मोजता. कंसातला गोलांचा आकडा इतका बारीक की नजरेतून निसटावा. हा माणूस चंचल असतो म्हणून असं होत नाही. त्याचा करार एक किंवा दोन वर्षांचा असतो. ३० जूनला तो संपतो, आणि त्याआधी मे महिन्यात क्लब ‘रिटेन्ड लिस्ट’, म्हणजे पुढच्या हंगामासाठी ठेवायच्या खेळाडूंची यादी, जाहीर करतो. त्या यादीत नाव नसलं, की सामान बांधायचं.

‘रिटेन्ड’ हा शब्द मात्र पूर्वी नेमका उलट्या कारणाने धास्तीचा होता. १८९३ पासून लीगचा नियम असा होता की एकदा नोंदणी झाली की करार संपला तरी क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नाही. क्लबने त्याला ‘राखून’ ठेवलं, तर पगार पटो न पटो, तो तिथेच अडकलेला. त्यात १९०१ पासून पगारालाही कमाल मर्यादा : आधी आठवड्याला ४ पौंड, आणि १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंनी संपाची धमकी देऊन ती मोडून काढली तेव्हा २० पौंड. न्यूकॅसलच्या एका खेळाडूने कोर्टात जाऊन १९६३ मध्ये राखून ठेवण्याच्या पद्धतीला तडा दिला. १९७८ मध्ये करार संपल्यावर क्लब बदलण्याचा हक्क मिळाला, पण नव्या क्लबला जुन्या क्लबला पैसे मोजावेच लागत. बोस्मन या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९९५ मध्ये दिलेल्या निकालानंतर तेही गेलं. म्हणजे ज्या यादीत नाव येऊ नये म्हणून आजोबांची पिढी झगडली, त्याच यादीत नाव यावं म्हणून नातू देव पाण्यात घालून बसतो.

‘फ्री’ हा शब्दही सरळ नाही. वय २४ च्या आत असेल आणि जुन्या क्लबने आधीपेक्षा कमी नसलेला करार देऊ केला असेल, तर नव्या क्लबला भरपाई द्यावी लागते. रक्कम आपसात ठरली नाही तर ती लवाद ठरवतो. म्हणून २३ व्या वर्षी चांगला खेळणारा पोरगा कधी कधी कुणालाच परवडत नाही, आणि तिशीतला, गुडघ्याला पट्टी बांधून धावणारा मात्र सगळ्यांच्या आवाक्यात असतो.

लोनचंही तसंच. हंगामाच्या मध्यात महिन्याभरासाठी दुसरीकडे जाण्याची ‘इमर्जन्सी लोन’ची सोय २०१६ पर्यंत होती. एकाच हंगामात तीन-तीन जर्सी घातलेले खेळाडू त्या काळातले. ती खिडकी बंद झाली तेव्हापासून जानेवारी उलटला की संघाबाहेर बसलेल्याने मेपर्यंत सराव करत राहायचं. करारांत एक कलम नेहमी दिसतं : अमुक इतके सामने खेळलास तर करार आपोआप एक वर्ष वाढेल. त्या आकड्याला दोन-तीन सामने उरले की ठणठणीत माणूस अचानक बाकावरसुद्धा दिसेनासा होतो. मॅनेजर याला ‘डावपेच’ म्हणतो.

या सगळ्यावर २०२० च्या ऑगस्टमध्ये क्लबच्या पगारखर्चाला मर्यादा घालणारा जो निर्णय आला, त्याचा वाद समजून घेतल्याशिवाय आजच्या याद्या कळणार नाहीत. निर्णयाआधीची परिस्थिती खरोखरच वाईट होती. ‘बरी’ नावाच्या १८८५ सालच्या क्लबला २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगमधून काढून टाकलं गेलं. तिथल्या खेळाडूंचे पगार आधीपासूनच थकले होते. मॅकल्सफील्डमध्ये तर पगार न मिळालेल्या खेळाडूंनी कपचा सामना खेळायला नकार दिला आणि क्लबने पोरासोरांचा संघ उतरवला. मग साथ आली, तिकीटखिडक्या बंद झाल्या. खालच्या श्रेणीत टीव्हीचा पैसा तुटपुंजा आणि गेटवर जमलेला गल्ला हाच आधार, त्यामुळे २०१९-२० चा हंगाम या दोन श्रेणींमध्ये अर्ध्यावर सोडून दर सामन्यामागे किती गुण, या हिशोबावर तक्ते लावले गेले.

अशा वेळी ७ ऑगस्टला क्लबांनी मतदान केलं : तिसऱ्या श्रेणीत प्रत्येक क्लबला वर्षाला २५ लाख पौंड, चौथ्या श्रेणीत १५ लाख. यापलीकडे पगारावर खर्च करायचा नाही. बोनस, एजंटचे पैसे, सगळं त्यातच. वरच्या श्रेणीत गेल्याचा आणि कपमधल्या घोडदौडीचा बोनस तेवढा वगळलेला. थोडं ओलांडलं तर दंड, जास्त ओलांडलं तर शिस्तभंगाची कारवाई.

१५ लाख पौंड ऐकायला मोठे वाटतात. वीस जणांत वाटले तर माणशी वर्षाला ७५ हजार होतात, आणि त्यातच करही आले, एजंटही आला. पण खरी मेख दुसऱ्याच कलमात होती. २१ वर्षांखालच्या खेळाडूंचा पगार या हिशोबात धरायचाच नव्हता. म्हणजे १९ वर्षांच्या पोराला कितीही द्या, मर्यादेला धक्का नाही. २९ वर्षांच्या, दोन पोरं आणि घराचं कर्ज असलेल्या मिडफिल्डरचा प्रत्येक पौंड मोजला जाणार. आधीचे करार संपेपर्यंत श्रेणीच्या सरासरी दराने धरले जाणार होते, म्हणून चटका बसणार होता तो करार नुकताच संपलेल्यांना. त्या उन्हाळ्यात असे खेळाडू भरपूर होते. काटकसरीच्या नावाखाली पडलेला हा बोजा वयावर पडला, हे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

हा निर्णय सगळ्यांना सारखाच पटला नव्हता. चौथ्या श्रेणीत प्रस्तावाला मोठा पाठिंबा होता. तिसऱ्या श्रेणीत मात्र विरोध ठळक होता, कारण तिथे तीस हजारांच्या आसपास प्रेक्षक खेचणारा संडरलंड आणि जेमतेम काही हजारांचा ॲक्रिंग्टन एकाच तक्त्यात होते. दोघांना एकच मर्यादा कशी? (पुण्याच्या उद्योगसमूहाच्या मालकीचा ब्लॅकबर्न २०१७-१८ चा हंगाम याच श्रेणीत खेळला आणि लगेच वर गेला, तेव्हा ही मर्यादा असती तर हिशोब वेगळा झाला असता.) शिवाय एक पायरी वर, दुसऱ्या श्रेणीत, अशी मर्यादा नव्हतीच.

खेळाडूंच्या संघटनेने आकड्यांवर नाही, पद्धतीवर बोट ठेवलं. पगाराच्या अटी बदलायच्या तर क्लब आणि खेळाडूंच्या संयुक्त समितीत आधी बोलणी व्हायला हवीत, असा जुना करार होता. लीगने ती पायरी गाळली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादाने हे म्हणणं मान्य केलं आणि मर्यादा सहा महिन्यांत रद्द झाली. तिच्या जागी पूर्वीचीच पद्धत परत आली, म्हणजे पगारावरचा खर्च क्लबच्या उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांत ठेवायचा. त्यामुळे ज्याची गर्दी मोठी त्याची थैली मोठी, हे पुन्हा सुरू झालं. पण मधल्या सहा महिन्यांत ज्यांनी कमी पगारावर सह्या केल्या, त्यांच्या कागदावरचा आकडा लवादाने बदलला नाही.

यादीत नाव नसलेल्याला आज इतकंच संरक्षण आहे : करार संपल्यावर आणखी एक महिना, किंवा नवा क्लब मिळेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, मूळ पगार चालू राहतो. म्हणजे जुलै निघतो. ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होतो तेव्हाही सही झालेली नसली, तर लीगबाहेरच्या एखाद्या अर्धवेळ क्लबचा फोन घ्यायचा, जिथे मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सराव असतो आणि सकाळी नोकरीवर जावं लागतं.