किनाऱ्याची धूप आणि समुद्राची पाणीवाढ: गल्लत कुठे होते?

पावसाळ्यात कोकणात जाऊन आलेल्या पुणेकरांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. मुळं उघडी पडलेलं सुरूचं झाड आडवं झालंय आणि खाली फेसाळतं पाणी. सोबत एक वाक्य: ‘समुद्राची पातळी वाढली, बघा!’ पातळी वाढतेय हे खरंच आहे. पण फोटोत दिसते ती बहुतेक वेळा धूप असते.

धूप म्हणजे वाळूचा हिशेब. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या आत, पाण्याखाली तिचा बांध घालतात. दसरा-दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की बरीचशी वाळू परत येते. म्हणून जुलैतल्या एका फोटोवरून काहीच ठरत नाही. तीच जागा फेब्रुवारीत पाहायला हवी. वर्षानुवर्षं वाळू परतलीच नाही, तर ती खरी धूप. धरणांत गाळ अडतो, खाड्यांतून वाळू उपसली जाते, बंदराची भिंत किनाऱ्यालगत सरकणारी वाळू रोखते. इथून गेलेली वाळू दुसरीकडे कुठेतरी साचते. एखाद्या खाडीचं मुख भरतं आणि होड्यांना बाहेर पडायला भरतीची वाट पाहावी लागते. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या पाहणीत देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा धुपलेला निघाला, तर २६.९ टक्के किनाऱ्यावर उलट भर पडलेली होती. सगळं काम एकट्या पाणीवाढीचं असतं, तर एवढी भर दिसलीच नसती.

पाणीवाढीत समुद्र स्वतःच फुगतो. पाणी तापून प्रसरण पावतं, शिवाय जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात मिसळतो. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंद महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटरने वाढत होती. १९९३ ते २०१७ मध्ये हा वेग ३.३ वर गेला. म्हणजे पंचवीस वर्षांत साधारण आठ सेंटीमीटर. हे फोटोत दिसत नाही. ते कळतं विहिरीचं पाणी मचूळ होतं तेव्हा, किंवा उधाणाचं पाणी खारबंधारा ओलांडून भातशेतीत शिरतं तेव्हा. पाणी चढलं की वादळी लाटाही वरच्या पायरीवरून मारा करतात, त्यामुळे पाणीवाढ धुपीला बळ देते. गल्लत होते ती इथेच.

ओहोटीला शिंपल्या वेचणाऱ्या कोळी, गाबीत, भोई बायकांसाठी मात्र हा फरक रोजच्या पोटाचा आहे. त्यांचं काम तिथीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यात लांब ओसरतं आणि मोठा पट्टा उघडा पडतो; अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत तो आखडतो. ‘तिसऱ्या’ नावाच्या शिंपल्या वाळूमिश्रित चिखलात पुरलेल्या असतात. कालवं खडकाला घट्ट चिकटलेली असतात आणि फोडून काढावी लागतात. धुपीत तिसऱ्यांचा थरच वाहून जातो. खालचा खडक उघडा पडला तर तिथे पुढे कालवं धरूही शकतात, पण तिसऱ्या वेचणारीला त्याचा काय उपयोग? कालवांचं हत्यार वेगळं, जागा वेगळी आणि त्या जागेवर आधीपासून दुसऱ्या कुणाचा वावर. पाणीवाढीत थर जागेवरच राहतो, पण ओहोटीला उघडा पडण्याचा वेळ हळूहळू घटतो. पट्ट्याने जमिनीकडे सरकायचं म्हटलं, तर मागे रस्ता, रिसॉर्ट किंवा बंधारा उभा असतो. कांदळवनाचीही अशीच कोंडी होते.

दोन्हींवर उपाय म्हणून एकच दगडी भिंत उभी राहते, हे मला फार खटकतं. भिंत मागचं घर वाचवते, हे नाकारता येणार नाही. पण तिच्यावर आपटून परतणाऱ्या लाटा पुढची पुळण खरवडतात आणि भिंत संपते तिथे शेजारच्या वाडीची धूप वाढते. धुपीला वाळू परत मिळायला हवी: उपसा थांबवून, अडलेली वाळू पलीकडे टाकून. पाणीवाढीला हवी मागे मोकळी जागा. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या आणि किनाऱ्यांच्या प्रतिकृती बनवून लाटांचा अभ्यास होतो, त्यामुळे हा प्रश्न पुण्याला परका नाही.

माड पडला तर नुकसान मोजता येतं. तिसऱ्यांचा थर गेला तर पंचनामा कशाचा करायचा? भरती-ओहोटीच्या मधला तो पट्टा वेचणारीच्या सातबाऱ्यावर नसतो. बंधाऱ्याची आखणी होण्याआधी, कुठे काय मिळतं आणि कोणत्या तिथीला मिळतं, हे त्या बायकांना विचारून नकाशावर उतरवायला हवं.