धक्का नाही, तर क्रूझ नाही?

किनाऱ्यावरच्या गावात क्रूझच्या धक्क्यावरून, म्हणजे जहाज टेकवायच्या बांधावरून, वाद पेटला की हा फॉरवर्ड फिरतोच: "धक्का नसेल तर क्रूझ येतच नाही." असं वाटणं साहजिक आहे, एवढं धूड लागणार कुठे? पण धक्का नसेल तिथे ते किनाऱ्याला लागतच नाही. जहाज जरा दूर नांगर टाकतं आणि माणसं छोट्या बोटींतून, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर येतात. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर क्रूझचा धक्का नसताना २०१९ मध्ये १८ लाखांवर क्रूझ प्रवासी आले. हां, सर्वांत मोठी जहाजं ही बोटींची कटकट टाळतात, समुद्र खवळला तर उतरणंच रद्द होतं. धक्कावाल्यांचं तेवढं खरं. पडताळायचंय? सहलीच्या वेळापत्रकात बंदरापुढे 'टेंडर' लिहिलंय का बघा. किंवा उपग्रह नकाशात ग्रँड केमनचं जॉर्ज टाउन बंदर उघडा आणि क्रूझ लागेल एवढा लांब धक्का शोधा.