श्रीलंकेला पंप पाठवताय? भाव कळवण्याआधी एवढं वाचा

‘बेअरिंगचं बिल पुण्याच्या डीलरचं आहे, जीएसटी भरलाय, मग माल भारतीयच की!’ हे वाक्य आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. नाही म्हटलं की गिऱ्हाईक हिरमुसतं. म्हणून हे पत्रक.

भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार 1998 साली झाला आणि 2000 पासून लागू आहे. शुल्काची सवलत मिळते कोलंबोच्या खरेदीदाराला, पण त्यासाठी माल भारतात बनल्याचा दाखला काढायचा तुम्ही. चेंबर ऑफ कॉमर्सचा साधा सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (मूळ देशाचा दाखला) इथे उपयोगाचा नाही. या कराराचा दाखला डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर वेगळा अर्ज करून घ्यावा लागतो. हे बहुतेकांना ठाऊक आहे. घोडं अडतं ते सुट्या भागांपाशी.

करार दोन गोष्टी बघतो. पहिली म्हणजे मालातला परदेशी भाग एफओबी किमतीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या मालाच्या किमतीच्या) 65 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ज्या भागाचं मूळ सांगता येत नाही, तोही परदेशीच धरतात. डीलरचं बिल भाग कुठून घेतला ते सांगतं, कुठे बनला ते नाही. तरी ही अट आपले पंपवाले सहसा पार करतात.

दुसरी अट जास्त चकवते. परदेशी भागाच्या एचएस कोडचे (कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाचे) पहिले चार आकडे तयार मालाच्या आकड्यांहून वेगळे हवेत. पंप 8413 मध्ये येतो. बेअरिंग 8482 मध्ये आणि मोटर 8501 मध्ये, त्यामुळे ती बाहेरची असली तरी चालतात. पण पंपाचे स्वतःचे भाग, म्हणजे इम्पेलर किंवा केसिंग, 8413 मध्येच मोडतात! दहा हजारांच्या पंपात तीनशे रुपयांचा चिनी इम्पेलर बसवलात, तर टक्केवारीत काही बिघडत नाही, पण दाखला हातचा जातो. तोच इम्पेलर शिरोलीच्या फाउंड्रीत ओतलेला असेल तर प्रश्नच नाही. हे कळतं तेव्हा बहुधा कंटेनर न्हावा शेवाला पोचलेला असतो आणि खरेदीदाराला सवलत धरून भाव कळवलेला असतो. मग तो फरक कोणी सोसायचा, यावर फोनाफोनी सुरू होते.

‘तुम्ही फार कागद मागता, दुसरे एजंट एका दिवसात काम करून देतात,’ असंही ऐकतो. होईल एका दिवसात. पण श्रीलंकेच्या कस्टम्सला दाखल्याची पडताळणी नंतरही मागता येते, आणि तेव्हा उत्तर द्यायचं असतं दाखल्यावर ज्याचं नाव आहे त्यानं. आपल्याकडेही 2020 पासून सवलतीचा माल आणणाऱ्या आयातदाराला मूळ देशाची माहिती स्वतःजवळ ठेवावी लागते. म्हणून सुट्या भागांची पूर्ण यादी, प्रत्येकाची किंमत आणि बनवणाऱ्याचं मूळाबद्दलचं लेखी पत्र आल्याशिवाय आम्ही अर्ज भरत नाही.

बांगलादेशासाठी साफ्टा हा दक्षिण आशियाई देशांचा व्यापार करार आहे, त्याची टक्केवारी वेगळी. तिथला हिशोब इथे लावू नका. आणि दोन्हीकडे सवलत न मिळणाऱ्या मालाची यादी असते, ती आधी बघायची.

नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या मॉडेलची यादी आम्ही फुकट तपासतो. ती भाव कळवण्याच्या आधी घेऊन या. इम्पेलरचं बिल विसरू नका.