खुर्द्याची गणती

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळाली ती एका सावकारी पत्राने. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे शाळकरी पोरही सांगेल. 14 जानेवारी 1761 नंतर घरोघरी संक्रांत कोसळली ती मात्र त्या खुर्द्याची, म्हणजे साध्या शिपायांची.

इतिहासाला नीट दिसतं ते मात्र एका मोत्याचंच घर. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वारीत सोबत होत्या. त्या जिवंत परतल्या आणि पुढे त्यांनी स्वतःला विधवा मानलंच नाही. दरम्यान 'मीच भाऊ' म्हणत तोतया उभा राहिला, त्याला माणसंही मिळाली. 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. पंधरा वर्षांनंतर लोक भुलले कसे, असं विचारतात. मला त्याचं नवल वाटत नाही. ज्या घरात प्रेत आलं नाही, तिथे कडी वाजली की कान टवकारतातच. 1965 आणि 1971 च्या युद्धांतल्या बेपत्तांची 54 नावांची यादी आजही निघते. त्यांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, याचं उत्तर कुठल्याच खात्याकडे नव्हतं.

इंग्रजी पलटणींबरोबर गणती आली. पगार, मनीऑर्डर, पेन्शन, आणि पहिल्या महायुद्धानंतर गावोगावच्या भिंतीत बसवलेल्या दगडी पाट्या: इथून इतके गेले, इतके कामी आले. हातपाय गमावून परतलेल्यांचा आकडा त्या पाटीवर नसतो. त्यांना हातचं काम शिकवायला 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल संस्था सुरू झाली आणि पुढे खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उघडलं. तिथे थोट्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतात, त्यावरून पाय बेततात, दोन समांतर दांड्यांमध्ये चालायला शिकवतात.

खरी परीक्षा गावी गेल्यावर. आपलं घर जमिनीवर चालतं. पाटावर मांडी घालायची, संडासला उकिडवं बसायचं, पंगतीत वाकून वाढायचं. साध्या कृत्रिम पायाला यातलं एकही धड जमत नाही. मग घरात पहिली खुर्ची येते, अंगणात बांबूचा आधार रोवला जातो, आणि शेताचं बघणं न बोलता बायकोकडे जातं.

1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. 1972 मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. पदकापर्यंत पोचणारे विरळाच. 1974 मध्ये खडकीला पक्षाघातग्रस्त जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघालं. तिथे काही जण वर्षानुवर्षं राहतात. घर गावी, घरधनी खडकीत.

आणि मागे राहिलेलीचं काय? शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता वीरपत्नीने दुसरं लग्न केलं की थांबायचा. पुढे सवलत मिळाली ती एवढीच, की मृत पतीच्या भावाशी लग्न केलं तर तो चालू राहील. उत्तरेत दिराने विधवा वहिनीवर चादर घालण्याचा, म्हणजे तिच्याशी लग्न लावण्याचा रिवाज आहे. आपल्याकडच्या कित्येक घरांत वहिनी आईच्या जागी असते. नियम मात्र सगळ्यांना एकच. ती अट निघाली नोव्हेंबर 2017 मध्ये.