पांडा प्लांट मे महिन्यात तग धरतं, मरतं ते ऑगस्टमध्ये

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, नर्सरीत छोट्या काळ्या कुंड्यांच्या रांगेत एक राखाडी, लवदार पानांचं झाड हमखास दिसतं. पानाच्या कडेला चॉकलेटी ठिपके आणि हात लावला की मखमल. ते ‘पांडा प्लांट’ म्हणून विकलं जातं. विकणारा सांगतो, “कमी पाण्याचं आहे, आपल्याकडं मस्त येतं.” यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. दुसऱ्या अर्ध्याचं काय? हे झाड मे महिना कसाबसा काढतं आणि ऑगस्टमध्ये, आजूबाजूला सगळं हिरवंगार असताना, बुडातून सडून आडवं होतं. दुष्काळी भागातल्या घरात ते पाण्यानं मरतं.

त्याचं शास्त्रीय नाव कलांचो टोमेंटोसा. मूळ मादागास्करचं, तिथल्या उघड्या ग्रॅनाइट खडकांवर, भेगेत अडकलेल्या चिमूटभर मातीत ते वाढतं. लंडनजवळच्या क्यू उद्यानातले जॉन गिल्बर्ट बेकर यांनी १८८२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याची सख्खी चुलत बहीण मात्र आपल्या परसात आधीपासूनच आहे: पानफुटी. आणि या दोघींचं गुपित पहिल्यांदा टिपलं गेलं ते पानफुटीवर, तेही भारतात.

बेंजामिन हेन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यानं पानफुटीची पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. पहाटे ती चांगलीच आंबट लागली, दुपारी बेचव आणि संध्याकाळी जराशी कडवट. ही गोष्ट त्यानं लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेला पत्रानं कळवली आणि ते पत्र १८१५ साली छापलं गेलं. प्रयोगशाळा नाही, उपकरण नाही, नुसती जीभ! तो आंबटपणा कुठून येतो आणि दिवसा जातो कुठे, हे नीट उलगडायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, दिवसा उघडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तिथल्या तिथे सूर्यप्रकाशात त्याची साखर करतात. अडचण अशी की छिद्र उघडलं की पाणीही बाहेर जातं, आणि दुपारच्या कोरड्या हवेत तर भसाभस जातं. पांडा प्लांट रात्रपाळी करतं. अंधार पडून हवा गार झाली की ते छिद्रं उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि त्याचं मॅलिक आम्ल करून पेशींमधल्या रिक्तिकांत, म्हणजे रस साठवणाऱ्या इवल्या पिशव्यांत, साठवतं. उजाडलं की छिद्रं बंद. मग दिवसभर ते आम्ल मोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड आतल्या आत वापरतं. म्हणून पहाटे पान आंबट. मॅलिक आम्ल आपल्याला अनोळखी नाही. हरभऱ्याच्या शेतात पहाटे फडकं फिरवून जी आंब गोळा करतात, तिच्यातही तेच असतं. फरक इतकाच की हरभरा ते पानावरच्या लवेतून बाहेर टाकतो आणि पांडा प्लांट आत दडवून ठेवतं.

यातून पाण्याची बचत किती होते? एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला तूर, सोयाबीन, कापूस यांच्यासारख्या पिकांना साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी हवेत सोडावं लागतं. ज्वारीची पद्धत निराळी. ती २५० ते ३०० ग्रॅमांत भागवते. रात्रपाळीच्या झाडांना ५० ते १०० ग्रॅम पुरतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे या आकड्यांचं मोल इथे कुणाला समजावून सांगायला नको. मग सगळीच पिकं अशी का नाहीत? कारण रात्रीत साठवून साठवून किती आम्ल साठवणार? जागा संपली की काम थांबलं. त्यामुळे वाढ संथ. तरी अननस याच पद्धतीवर जगतो, आणि अलीकडे आपल्याकडच्या शेतांत खांबांवर चढलेलं ड्रॅगन फ्रूटसुद्धा.

आता ती लव. दिवसा छिद्रं बंद म्हणजे झाडाला घाम गाळून गार होण्याची सोय नाही. जाड, पाणीदार पान उन्हात हवेपेक्षाही तापतं. पांढरट केसांचा थर बराचसा प्रकाश परतवून लावतो, म्हणून पान राखाडी दिसतं. शिवाय केसांत अडकलेली स्थिर हवा पानालगतचा ओलावा टिकवते. पण हीच लव पावसात घात करते. तिच्यात थेंब अडकून बसतात, लवकर सुकत नाहीत आणि डाग पडून तिथूनच कुज सुरू होते. म्हणून पाणी नेहमी मातीत, पानांवर कधीच नाही. धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशनं झटका.

हे सगळं कळलं की मराठवाड्यातलं वेळापत्रक आपोआप उलटं होतं. थंड देशांतले सल्ले सांगतात: उन्हाळ्यात पाणी द्या, हिवाळ्यात आवरा. तिथे हिवाळ्यात ऊन नसतं, म्हणून ते ठीक. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा ४० ते ४३ अंश आणि रात्रीही २५ ते २८. इतक्या उबदार, कोरड्या रात्री झाड छिद्रं नीट उघडत नाही. फारच ताण आला तर दिवसरात्र बंदच ठेवतं आणि स्वतःच्याच श्वसनातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडवर कसंबसं भागवतं. अशा झाडाला ‘ऊन किती आहे!’ म्हणून रोज तांब्याभर पाणी घातलं तर ते पिणार कोण? गरम ओल्या मातीत मुळं गुदमरतात आणि बुरशीचं फावतं. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी, स्वच्छ ऊन आणि १० ते १४ अंशांच्या रात्री, हे याचं खरं सुगीचं पर्व. वाढ तेव्हा होते, आणि माती सुकली की पोटभर पाणी तेव्हाच द्यायचं. परभणीकरांनी मात्र जपावं. तिथे काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली गेला आहे. अशा रात्री कुंडी घरात घ्या.

उन्हाळ्यात कुंडी गच्चीवर ठेवू नका. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ती ओकतो, म्हणजे नेमकी रात्रपाळीची वेळ तो बिघडवतो. जुन्या माळवदाच्या वाड्यांना हा त्रास कमी होता. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी पूर्वेची खिडकी किंवा ओसरी उत्तम. पावसाळ्यात वरून छप्पर आणि अंगाला वारा, दोन्ही हवं.

मातीचा प्रश्न सगळ्यात मोठा. आपली काळी माती कापसासाठी सोनं आहे, या झाडासाठी मरण. ती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, हवेच्या फटी बुजतात आणि ओल दिवसेंदिवस हटत नाही. पण त्याच बेसाल्टचा मुरूम आपल्या दाराशी पडलेला असतो. तो चाळून, बारीक भुकटी धुऊन काढून, दोन भाग घ्या. वीटभट्टीवरच्या फुटक्या विटांचे वाटाण्याएवढे तुकडे मिसळले तर आणखी बरं. एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडी कुंभाराकडची, बिनरंगाची आणि बुडाला भोक असलेली. नर्सरीतून आलेलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. ते आठवडाभरात बदलणं मी तरी आवश्यक मानतो.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या अंगावर पांढरा थर धरतो. मातीतही तेच क्षार साचतात. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी ‘कशाला फेकायचं’ म्हणून झाडांना घातलं जातं, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही तसंच. फरशी पुसा त्यानं. झाडासाठी पावसाचं पाणी साठवता आलं तर सोन्याहून पिवळं.

झाड काय म्हणतंय ते पानं सांगतात. सुरकुतलेलं, चेपलेलं पान म्हणजे तहान. पिवळसर, पारदर्शक, दाबलं की पिचणारं पान म्हणजे पाणी जास्त झालं. पिठ्या ढेकूण ही कीड कपाशीवाल्यांना माहीत आहेच, पण इथे ती पांढऱ्या लवेत लपते. पानाच्या बेचक्यांत बारकाईनं बघा आणि सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं टिपून काढा.

नवं रोप करायचं तर पानफुटीची सवय विसरा. पानफुटीच्या पानाच्या कडेवर रोपं फुटतात. पांडा प्लांटचं रोप फुटतं ते पानाच्या बुडाशी. म्हणून पान कापू नका, हलकेच पिरगळून बुडासकट काढा. तीन-चार दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग कोरड्या मिश्रणावर नुसतं आडवं टाका. डिसेंबर यासाठी सगळ्यात बरा.

मुलांना हेनचा प्रयोग करून दाखवायचा असेल, तर जीभ वापरू नका. पहाटे आणि संध्याकाळी एकेक पान कुटून रसात पीएच कागद (आम्लता दाखवणारा कागद) बुडवा. पहाटेचा रस जास्त आम्लधर्मी निघेल. चाखायचं नाही याचं कारण असं की कलांचो प्रजातीच्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत या गटातल्या झाडांनी गुरं दगावली आहेत. तेव्हा दावणीच्या किंवा शेळीच्या तोंडाशी कुंडी नको, मांजराच्याही नको, आणि पानफुटीसारखं दिसतंय म्हणून मुतखड्यावर तर याचं पान मुळीच नको.