आमवाताच्या रुग्णांचे उपचारांविषयीचे समाधान (पुणे)

आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. स्त्रियांत तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. तो मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. औषध वर्षानुवर्षे चालत असल्याने रुग्णाला त्याविषयी काय वाटते, यावर ते घेतले जाईल की नाही हे ठरते.

या विषयाच्या भारतीय अभ्यासात पुणे जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये जिल्ह्यातील भिगवण येथे ‘कॉपकॉर्ड’ हे सांधे-स्नायूंच्या आजारांचे सर्वेक्षण झाले. घरोघरी जाऊन केलेल्या या पाहणीत प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले.

समाधान मोजताना डॉक्टर आणि रुग्ण यांचा हिशोब बरेचदा जुळत नाही. डॉक्टर सूज आणि ईएसआर-सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पाहतात. रुग्णाला ठणका आणि थकवा जाणवतो. आजाराचा जोर २८ सांधे तपासून मोजणाऱ्या प्रचलित ‘डीएएस-२८’ मापनात तळपायाचे सांधे धरलेच जात नाहीत. त्यामुळे आकडा चांगला येऊनही चपलेत पाय घालताना कळवळणारी बाई नाराजच परतते, आणि तिची नाराजी रास्त असते. सकाळी मूठ वळते का, कणीक मळता येते का, हे तिचे मोजमाप. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत नसलेले मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याचे प्रश्न भारतीय आवृत्त्यांत घातले गेले, ते याचसाठी.

सर्वाधिक धास्ती मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या मुख्य औषधाची. ‘ही तर कॅन्सरची गोळी’ असे कुणीतरी सांगते, आणि गोळी डब्यातच राहते. कॅन्सरसाठी हे औषध फार मोठ्या मात्रेत देतात. आमवातात आठवड्यातून एकदाच, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण महिन्याभरात डॉक्टर बदलतो. गर्भधारणेपूर्वी हे औषध थांबवावे लागते; लग्नाच्या वयातील मुलींशी हे मोकळेपणाने बोलायलाच हवे.

पुण्यात आयुर्वेदाची परंपरा भक्कम आहे. टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासूनचे. आमवाताचे वर्णन ‘माधवनिदान’ या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात सापडते. अनेक जण ॲलोपॅथी आणि आयुर्वेद अशी दोन्ही औषधे घेतात, पण डॉक्टर किंवा वैद्य रागावतील म्हणून एकाचे दुसऱ्याला सांगत नाहीत. खरा धोका लेबल नसलेल्या पुड्यांचा. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असले तर दोन दिवसांत उतार पडतो, रुग्ण अगदी खूश असतो आणि आतून सांधा झिजतच राहतो. पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. अशी पुडी एकदम बंद करणेही घातक ठरू शकते. म्हणून निव्वळ समाधानाला यशाचा पुरावा मानता येत नाही.

साध्या गोष्टींनी विश्वास वाढतो: रक्ततपासणी कशासाठी हे सांगणे, फॉलिक ॲसिडने मळमळ कमी होते हे समजावणे, आणि चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेटपुढे ‘फक्त रविवारी’ असे ठळक मराठीत लिहिणे. मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज घेतली गेल्यास जिवावर बेतू शकते.